माल आधी, माणूस मागून

माझी बायको शकुन मंगळवारी गेली. सकाळी दवाखान्यातून फोन आला. मी गेलो, तिला घरी आणलं. दुपारी तिचे थोरले भाऊ डुलीचंद सौंदडहून आले. त्यांच्या हातात पिशवी होती.

शेवटच्या वाक्यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते आणि ती भावानं आणायची असते. भाऊ येणार, पिशवी असणार. पण जमलेल्या बायांपैकी ज्या डुलीचंदभाऊंना ओळखत होत्या त्या रडता रडता थांबल्या आणि पिशवीकडे पाहू लागल्या. या माणसाच्या हातात सामान कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. डुलीभाऊ प्रवासाला निघतात तेव्हा त्यांचं सामान केव्हाच निघून गेलेलं असतं.

हा छंद त्यांना नोकरीतून जडला. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची बोचकी रवाना करता करता त्यांचं असं ठाम मत झालं की प्रवास बिघडतो तो माणूस आणि सामान एकत्र निघाल्यामुळे. माणसाला घाई असते, त्याला महाग गाडी लागते. सामानाला कसली घाई? ते हळू जाईल, बाजूच्या रुळावर, साइडिंगला पडून राहील, कुरकुर करणार नाही. मग दोघांना एका डब्यात कशाला कोंबायचं? "माल आधी, माणूस मागून," असं ते म्हणत, आणि हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा म्हणत की शकुनच्या माहेरची पोरंटोरं ते खेळताना ओरडायची.

एकदा आम्ही तिघं नवेगाव बांधला तलाव पाहायला जाणार होतो. जेवणाचा डबा, सतरंजी आणि पाण्याचा कॅन डुलीभाऊंनी आदल्या दिवशीच बसच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. आम्ही हात हलवत पोचलो. डबा नव्हता. डुलीभाऊंनी तो घाईत देवरीच्या गाडीत चढवला होता. भर उन्हात, काठावरच्या एका झाडाखाली, आम्ही उपाशी बसलो. माझा राग चेहऱ्यावर दिसत असावा.

"डबा गेला तं गेला जवाईबापू," डुलीभाऊ म्हणाले, "आपन तं सुखरूप आहो ना? डबा सोबत असता तं आपनही देवरीले गेलो असतो."

 

त्यांचं लग्नही याच तत्त्वावर मोडलं. तिरोड्याकडच्या एका गावात मुलगी पसंत पडली होती, कुंकू लावायचा दिवस ठरला होता. साडी, मिठाई, नारळ, सगळं डुलीभाऊंनी सकाळच्या बसनं पुढे पाठवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "राहांगडाल्यांच्या घरी द्या." त्या गावात दर दुसरं घर राहांगडाल्यांचं. सामान ज्या राहांगडाल्यांकडे उतरलं त्यांनाही एक लग्नाची मुलगी होती आणि तेही कुठल्याशा पाहुण्यांच्या होकाराची वाट पाहत होते. त्यांनी साडी मुलीला नेसवली आणि मिठाई आळीत वाटली. दुपारी डुलीभाऊ वडीलधाऱ्यांना घेऊन खऱ्या राहांगडाल्यांच्या अंगणात उभे राहिले, दोन्ही हात मोकळे. मुलीच्या बापानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पाहुने, कुंकू लावाले आले का नुसते जेवाले?"

हे घर गेलं. ते दुसरं घर तर, आमच्या मुलीला फसवलं म्हणून, काठ्या घेऊन आलं. डुलीभाऊंनी पुढे लग्नाचं नाव काढलं नाही. मात्र चूक कुणाची असं विचारलं तर ते शांतपणे सांगत, "माल बरोबर गेला. पत्ता अर्धा होता."

इथपर्यंत हा माणूस निरुपद्रवी होता. निवृत्त झाल्यावर त्यांना मंगळ सापडला.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. डुलीभाऊ माझ्या नावावर अंतराळावरची पुस्तकं नेत आणि समासात पेनानं शेरे मारून परत करत. पेनानं! चंद्रावर माणूस कसा गेला या प्रकरणापाशी "फालतू खर्च", अंतराळस्थानकाच्या चित्राखाली "एवढ्यात मंगळाच्या दोन खेपा झाल्या असत्या", आणि मंगळावर जायच्या एका भल्यामोठ्या योजनेवर आडवं, "वरात हाय का ही?" ती पुस्तकं मी कपाटात मागच्या रांगेला लावत असे.

त्यांचं म्हणणं असं की चंद्रापलीकडे माणूस जात नाही तो पैसा नसल्यामुळे नाही, बांधाबांध येत नसल्यामुळे. "एका रॉकेटात मानूस, त्याचं दानापानी, त्याचं घर, अंथरून-पांघरून, अन् वरून परतीचं तेल. मंग ते रॉकेट केवढं होईल? अन् मंग मनतात, परवडत नाई. कसं परवडीन?" त्यांच्या योजनेत घर, धान्य, यंत्रं सगळं आधी जायचं, उन्हावर चालणाऱ्या संथ गाडीतून, लागू दे वर्ष. ते तिथं नीट उतरलं, शाबूत आहे, हवा-पाणी तयार झालं, असा निरोप आला की मग माणसानं लहानशा जलद यानातून, हात हलवत निघायचं. परतीचं इंधन न्यायचंच नाही. मंगळाच्या हवेतून ते तिथंच तयार करता येतं, हे त्यांनी माझ्याच पुस्तकात वाचलं होतं.

"बैल जुंपून मंडईले गेलो तं परतीचा चारा कोनी घरून नेते का जी? तिथलाच कापाचा."

"डुलीभाऊ, तिथं चारा नाही. तिथं काहीच नाही."

"हवा तं हाय!" ते ओरडले, जणू मी हवा कपाटात दडवून ठेवली होती.

शिवाय पहिल्या खेपेला उतरायचंच नाही. सगळा पैसा उतरण्यात आणि पुन्हा उडण्यात जातो. "पयले नुसती चक्कर माराची. वरून पाहाचं, का हाय, का नाई. अन् परत याचं. उतराची घाई कायले?"

हे सगळं शास्त्रज्ञही म्हणतात, मला माहीत आहे. पण शास्त्रज्ञ ते माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या ताटासमोर म्हणत नाहीत. आणि ते सराव करत नाहीत. डुलीभाऊंनी एकदा यानात बसायचा सराव म्हणून सौंदडच्या घरातल्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या बांबूच्या उंच कणगीत, उतरून दिवस काढला. शेजारीण धान उसनं न्यायला आली, तिनं आत हात घातला आणि आतून आवाज आला, "कोन हाय?" ती बाई पुढे कित्येक दिवस त्या घराकडे फिरकली नाही. भांडी धुतलेलं पाणी वाळू-कोळशातून गाळून त्याचा चहा त्यांनी सरपंचांना पाजला, तेही आधी पाजून मग सांगितलं. सरपंच अजून त्यांच्याकडे पाणी पीत नाहीत.

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी डुलीभाऊंनी सौंदडच्या स्टेशनवर पेढे वाटले. कुणी म्हणालं, काका, आपण चंद्रावर पोचलो! "आपन नाई पोचलो," डुलीभाऊ म्हणाले, "आपला माल पोचला. अन् कसा पोचला? पृथ्वीभोवती चकरा मारत मारत, आपल्या पॅसेंजरसारखा. मनून तं सस्त्यात पोचला. आता मानूस पाठवा मना." मग ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "पन मानूस लई महाग पडते. मानूस खाते, पेते, रडते. यंत्र रडत नाई."

हे मला शकुनकडून कळलं. डुलीभाऊ सौंदडला एकटे राहत आणि शकुन त्यांना रोज संध्याकाळी फोन करायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, मांडीवर सूप घ्यायची आणि तांदूळ निवडत ऐकायची. मी शेजारच्या खोलीत दार लोटून वाचत बसे, पण दारातून मंगळ यायचाच.

"हो ना दादा," शकुन म्हणायची. "मंग? अन् पानी?"

पलीकडून पाण्याचं व्याख्यान.

"दादा, तू त्या ढोलीतून बाहेर निघ पयले, मंग मंगळावर जा."

मी एकदा वैतागून तिला विचारलं, तुला यातलं काही कळतं का? ती सुपातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "कळाले कायले पायजे? तो बोलून राहिला ना."

तेरवी झाली. पाहुणे गेले. डुलीभाऊही गेले, आले होते त्याहून हलके. आम्हाला मूल नाही. घरात मी राहिलो.

आणि मला एकटंच राहायचं होतं, हे इथं स्पष्ट लिहितो. राइस मिलच्या मागे आमचं छोटं घर आहे, दोन खोल्या, पुढे ओटा, कोंड्याचा वास. त्यात शकुननं वस्तू जिथं ठेवल्या तिथं त्या होत्या. दुसरं माणूस आलं की वस्तू हलतात. मला एकही वस्तू हलायला नको होती. पुस्तक उघडायचं, मांडीवर ठेवायचं, बसायचं. एवढंच हवं होतं, आणि ते मिळायला हरकत नव्हती.

पहिलं पार्सल त्याच आठवड्यात आलं. बसस्टँडवरून रज्जाक ऑटोवाला घेऊन आला. शकुनला दवाखान्यात न्यायला-आणायला तोच यायचा.

"सरजी, साले साहब का माल आया है।"

घोंगडी होती. मला वाटलं, बहिणीची काही आठवण असेल. दोन दिवसांनी मच्छरदाणी आली. मग तांब्याचा बंब. मग एक भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलेलं. प्रत्येक बोचक्यावर लाल शाईनं "सांभाळून" लिहिलेलं, डुलीभाऊंच्या जुन्या सवयीनं. पाटा-वरवंटा आला त्यावरही "सांभाळून, नाजूक" होतं. तो ओट्यावर चढवताना रज्जाकचा श्वास चढला.

"सरजी, ये चाँद पे ले जाएँगे क्या? सुना है वहाँ वजन कम हो जाता है। तो वहीं उठवाते ना, यहाँ मेरी कमर काहे तोड़ रहे हैं?"

संध्याकाळी फोन आला. शकुन ज्या वेळी करायची, त्याच वेळी.

"माल पोचला का जवाईबापू?"

"पोचला. पण कशाला पाठवताय हे सगळं?"

"फुटला तं नाई?"

"पाटा कसा फुटेल, डुलीभाऊ?"

"उतरताना सांगता येत नाई जी. नळाले पानी येते?"

"येतं."

"हवा खेळते घरात? खिडक्या उघडता?"

"उघडतो." उघडत नव्हतो.

"जेवले का?"

"जेवलो."

"का जेवले?"

"भात."

"अन्?"

"आणि काही नाही."

"हं," डुलीभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. दोन दिवसांत चिन्नोर तांदळाचं पोतं आलं, त्याच्या पोटात कापडात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बरणीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती फुटली. पोतंभर तांदळाला तेल-मोहरी लागली आणि मी चार दिवस पिवळा भात खाल्ला.

माझं घर भरत चाललं. पाटा दारात, बंब न्हाणीत, खाट उभी करून भिंतीला. हो, खाटही आली. पुस्तकाच्या कपाटापर्यंत जायला मला आडवं होऊन जावं लागे. मी दर फोनवर बजावत होतो की आता पुरे, आणि डुलीभाऊ दर फोनवर "हो ना जी" म्हणत होते, आणि दर दोन-तीन दिवसांनी रज्जाकचा हॉर्न वाजत होता. मला एकांत हवा होता आणि मी सौंदडच्या एका अख्ख्या संसारात गुदमरत होतो.

मग एक स्टीलचा डबा आला. लहानसा, वर दोरी, "सांभाळून". मी उघडला. आत ओल्या फडक्यात दातांची कवळी होती.

मी स्वतः फोन लावला. एवढ्या वर्षांत डुलीभाऊंना मी लावलेला तो पहिला फोन.

"डुलीभाऊ, दात आलेत."

"आले का? बरं झालं." आवाज सगळा फसफसत होता, शब्दांना कडा नव्हत्या.

"दात कशाला पाठवले?"

"साऱ्यात शेवटी पाठवले जी. काऊन का तेच रोज लागत होते."

"मग आता खाता काय तुम्ही?"

"पेज."

माझा तोल गेला. "हे घर आहे डुलीभाऊ, पार्सल ऑफिस नाही! मला माझ्या घरात पाय टाकायला जागा नाही! अजून काय काय पाठवणार आहात?"

 पलीकडे कुठेतरी मालगाडी जात होती.

"आता?" ते म्हणाले. "आता का रायलं?"

फोन ठेवून मी खाटेच्या पायाशी बसलो आणि घरात आलेल्या वस्तूंकडे पाहिलं. अंथरूण, पांघरूण, मच्छरदाणी, खाट, पाटा, बंब, तांदूळ, घड्याळ, दात. ग्रंथपालाला कपाट पाहून कळतं की कुठलं पुस्तक बाहेर गेलं आहे. तिकडे सौंदडच्या घरात काय उरलं असेल, हे मला तेव्हा दिसलं. एक माणूस उरला होता. तो जमिनीवर झोपत असणार. सगळा माल रवाना करून, योजनेप्रमाणे, निरोपाची वाट पाहत.

निरोप मी द्यायचा होता. एकाच अक्षराचा होता, "या". मी दिला नाही. मला त्यांचा राग आला होता. आपल्याला न विचारता आपल्यावर कुणी असं अवलंबून राहावं, याचा राग. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी उचलला नाही. नंतर तो वाजायचा थांबला.

दोन आठवडे गेले असतील. चौकात भाजी घेताना रज्जाक भेटला.

"सरजी, साले साहब से झगड़ा हुआ क्या?"

"नाही. का?"

"नहीं, वो हर इतवार को आते हैं ना। मैं स्टेशन पे रहता हूँ, देखता हूँ। गाड़ी से उतरे, पैदल आपकी गली में, एक चक्कर लगाया, वापस स्टेशन। मैंने पूछा, काका, बैठो, छोड़ देता हूँ घर तक। बोले, नहीं, अभी उतरना नहीं है, खाली चक्कर है।" त्यानं डोक्याशी बोट फिरवलं, मग माझा चेहरा पाहून ते खाली घेतलं. "बुज़ुर्ग आदमी हैं। धूप में घूमते हैं।"

त्या रविवारी दुपारनंतर मी ओट्यावर बसलो. पुस्तक होतं, वाचत नव्हतो. मिलच्या भिंतीच्या कडेनं डुलीभाऊ आले. हात मागे बांधलेले, मोकळे. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे सरकलेली. दातांशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची नजर वर होती, आधी आमच्या कौलांवर, मग खिडक्यांवर, मग अंगणातल्या दोरीवर. ओट्यावर मी आहे हे त्यांना दिसलंच नाही.

"डुलीभाऊ!"

ते चोर सापडावा तसे थांबले. "अरे. जवाईबापू. घरीच आहा का?"

"माझ्याच घरी आहे. तुम्ही इथं काय करताय?"

"काई नाई. पाहून राहिलो होतो."

"काय पाहून राहिला होतात?"

 त्यांनी दोरीकडे हनुवटी उडवली. "तो टॉवेल मांगच्या इतवारी होता तिथंच हाय. त्याच्या मांगच्याही इतवारी तिथंच होता. खिडकी एकही उघडी नाई. पेपर फाटकात अडकून हाय." ते थांबले. "वरून एवढं दिसते."

मी टॉवेलकडे पाहिलं. उन्हानं त्याचा रंग एका बाजूनं उडाला होता. तो मी कधी वाळत घातला ते मला आठवेना. मी घातला की तिनं, हेही.

"मग दार वाजवायचं ना," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "इथवर येता, दात नसताना, उन्हात, आणि गल्लीतून परत जाता? काय माणूस आहात हो तुम्ही!"

"मालाचं ठीक हाय जी. फुटला तं दुसरा पाठवू. मानूस उतरवाचा तं खालून होकार लागते. हा माझा नियम नाई, साऱ्या जगाचा हाय."

"आणि मी दिलाच नसता होकार, तर?"

"तं चक्कर चालू ठेवली असती." मिलच्या धुराड्याकडे पाहत ते म्हणाले, "चक्करले काई खर्च येत नाई." मग, तिकडेच पाहत, "सौंदडले आता सांजच्याले फोन वाजत नाई ना."

मी उठलो. फाटक उघडलं. त्यात अडकलेला पेपर खाली पडला.

"या आत."

"आज नाई."

"का?"

"परतीचं तिकीट काढून हाय."

मला वाटतं मी तेव्हा ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण मिलचा चौकीदार बाहेर आला. डुलीभाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं, "हो ना जी, हो ना जी" म्हणत. मग वळले आणि स्टेशनकडे चालू लागले. काढलेलं तिकीट फुकट घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी मान फिरवून विचारलं, "पुढच्या इतवारी, पक्कं ना?"

"पक्कं!" मी गल्लीत उभा राहून ओरडलो.

पुढच्या रविवारी ते आले. हात हलवत आले. चपला काढल्या, दारातल्या पाट्याला ठेचकाळले, "हा इथं कोनं ठेवला?" असं मलाच विचारलं आणि म्हणाले, "पयले माझे दात द्या."

त्याला आता काही महिने झाले. मी सुखात आहे असं म्हणणार नाही. ते पहाटे उठतात आणि भांडी आपटतात. माझ्या स्वतःच्या कपाटातल्या, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या पुस्तकांच्या समासात आता शेरे आहेत. बंद घड्याळ त्यांनी भिंतीवर लावलं आहे. ते चालत नाही, पण जागा भरते म्हणतात. शकुनच्या वस्तू हलल्या. पहिल्याच दिवशी हलल्या. तिची हळदीची बरणी सापडेना तेव्हा मी अर्धा दिवस बोललो नाही, आणि डुलीभाऊंनी ती शोधून काढली आणि कुठं ठेवायची ते कळेना म्हणून संध्याकाळपर्यंत हातात धरून बसले.

संध्याकाळी ते ओट्यावर बसून मंगळाचं सांगतात. सध्या किती माणसं पाठवावीत, हा विषय आहे. स्वस्तात जायचं तर दोनच. "तिघं पाठवले तं दोघं एकाच्या मांगं लागतात. एकटा पाठवला तं तो वरच्या वर येडा होते. दोघं बरे. भांडत भांडत पोचतात."

"आणि दुसरा माणूस कसा हवा?" मी परवा विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमच्यासारखा," डुलीभाऊ म्हणाले. "बोलत नाई. हवा कमी लागते."

मी पुस्तकात मान घातली. ते बोलत राहिले. तेच पान मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

सौंदडचं घर रिकामं आहे. शकुन नाही. इथं आम्ही दोघं आहोत.